दुकान भरलेलं, गल्ला रिकामा: मालात अडकलेला पैसा नेमका जातो कुठे?

मे महिना संपत आला की हरसूलच्या बाजारात एकच गडबड सुरू होते. ताडपत्र्या, घरावर टाकायचा प्लॅस्टिकचा कागद, छत्र्या, गमबूट, भाताचं बियाणं, खताच्या गोण्या, मीठ, तेल, डाळी. दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही.

त्र्यंबकेश्वरच्या पुढे, डोंगर ओलांडून गुजरातच्या सीमेकडे निघालं की हे गाव लागतं. आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांची ही मोठी बाजारपेठ. हा पट्टा धो धो पावसाचा. एकदा पाऊस लागला, घाटात दरड आली, ओढ्याला पाणी आलं की नाशिकहून माल आणणं कठीण होतं. त्यामुळे पावसाआधी दुकान भरून ठेवायचं, हा इथला शहाणपणा. घरातही तेच, दुकानातही तेच. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, बेगमी.

पण याच बेगमीचा एक घोटाळा आहे. सप्टेंबर उजाडतो, पाऊस ओसरतो, दुकानात अजून तीन-चार लाखांचा माल दिसतो आणि घाऊक व्यापाऱ्याचं बिल भरायला मात्र गल्ल्यात पैसे नसतात. वहीत नफा दिसतो, खिशात काही नाही.

मग पैसा गेला कुठे?

तो चोरीला गेलेला नाही, बुडालेलाही नाही. तो मांडणीवर बसलाय. यालाच म्हणतात भांडवल मालात अडकणं. छोट्या टपरीपासून साखर कारखान्यापर्यंत आणि सरकारी महामंडळापासून टोयोटापर्यंत, सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी सतावतोच.

माल म्हणजे पैसा नाही?

आहे, पण झोपलेला पैसा. जागा होतो तो विकला गेल्यावर.

आधी वहीतल्या नफ्याचं कोडं सोडवू. समजा एका दुकानदाराने वर्षभरात १५ लाखांची विक्री केली. विकल्या गेलेल्या मालाची खरेदी होती १२ लाखांची. म्हणजे ढोबळ नफा ३ लाख. भाडं, वीज, गाडीभाडं, मजुरी यात १ लाख गेले, असं धरू. उरले २ लाख. पण याच वर्षात दुकानातला साठा २ लाखांवरून ४ लाखांवर गेला असेल, तर ते उरलेले २ लाख त्या वाढलेल्या साठ्यात गेले. हिशेब बरोबर, नफाही खरा. फक्त तो नफा नोटांच्या रूपात नाही, ताडपत्रीच्या गठ्ठ्यांच्या रूपात आहे.

आणि ताडपत्री देऊन मुलाची कॉलेजची फी भरता येत नाही.

म्हणूनच हिशेबशास्त्रात एक नियम आहे. वर्षाच्या शेवटी उरलेल्या मालाची किंमत धरताना खरेदीची किंमत आणि तो विकून प्रत्यक्षात हाती येईल ती रक्कम, यातली जी कमी असेल ती धरायची. ४०० रुपयांना घेतलेला रेनकोट आता कुणी ३०० रुपयांनाच घेणार असेल, तर तो ४०० चा माल नाही, ३०० चाच आहे. वहीत काहीही लिहिलेलं असो.

माल किती आहे ते सोडा, किती दिवस बसतो ते बघा

व्यापारात खरा प्रश्न ‘किती माल आहे’ हा नसतो. ‘हा माल किती दिवसांत फिरतो’ हा असतो.

वरचंच उदाहरण घ्या. वर्षाला १२ लाखांचा माल विकला जातो, विक्री खरेदीभावाने मोजून. दुकानात सरासरी साठा असतो ४ लाखांचा. १२ भागिले ४, म्हणजे साठा वर्षात ३ वेळा फिरतो. ३६५ दिवसांना ३ ने भागा. आलेला माल विकला जायला सरासरी १२२ दिवस लागतात. चार महिने!

आता त्यात उधारी मिळवा. गिऱ्हाईक सरासरी ३० दिवसांनी पैसे देतं. घाऊक व्यापारी दुकानदाराला सवलत देतो २० दिवसांची. म्हणजे १२२ अधिक ३०, वजा २०, एकूण १३२ दिवस. घातलेला रुपया परत हातात यायला साडेचार महिने लागतात. पण बिल तर विसाव्या दिवशी समोर येऊन उभं राहतं. मधल्या काळासाठी पैसा कुठून आणायचा? एक तर घरातून, नाही तर व्याजाने.

तीच विक्री जर सरासरी २ लाखांच्या साठ्यावर झाली, तर माल वर्षात ६ वेळा फिरेल. म्हणजे ६१ दिवसांत एकदा. दुकानदाराचे २ लाख मोकळे होतील. १२ टक्के व्याजाचं कर्ज असेल, तर वर्षाचे २४ हजार रुपये वाचतील. एक रुपयाही जास्त विक्री न करता महिन्याला २ हजारांची बचत.

व्याज हा तर फक्त दिसणारा खर्च. न दिसणारे बरेच आहेत. उंदीर गोणी कुरतडतात. ओल लागली की खताचे खडे होतात. डाळीला कीड लागते. प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापलेली असते आणि ती संपली की ते बियाणं म्हणून विकता येत नाही. शिवाय खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या करातून वळता होतो, त्यामुळे माल बसला की तेवढी रक्कमही बसून राहते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जागा. न चालणारा माल चालणाऱ्या मालाची जागा अडवून ठेवतो.

मग दुकानदार एवढा माल भरतातच का?

मूर्ख म्हणून नाही. प्रत्येक वेळी काही तरी पटणारं कारण असतं.

‘दहा पेट्या घ्या, एक फुकट’ अशी स्कीम येते. कंपनीच्या सेल्समनला महिनाअखेरीचं टार्गेट पूर्ण करायचं असतं. पुढच्या महिन्यात भाव वाढणार अशी कुणकुण लागते. मागच्या वर्षी जुलैमध्ये ताडपत्री संपली आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, ती बोच मनात असते. आणि भरलेलं दुकान बघून गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, हेही खरंच.

स्कीमचं गणित मात्र एकदा करून बघावं. दहावर एक फुकट म्हणजे साधारण ९ टक्के स्वस्त. पण गरज चार पेट्यांचीच असेल आणि उरलेल्या खपायला वर्ष लागणार असेल, तर त्या ९ टक्क्यांतले बरेचसे व्याजात आणि खराबीतच जातात.

सगळ्यात चिवट कारण मनातलं असतं. ‘घेतलेल्या भावाच्या खाली विकायचं नाही.’

समजा १०० रुपयांचा प्लॅस्टिक कागद जूनमध्ये १२५ ला विकायचा होता. सप्टेंबरपर्यंत गेला नाही. आता गिऱ्हाईक ९५ ला मागतं. दुकानदार म्हणतो, ५ रुपये तोटा कशाला? पुढच्या जूनमध्ये १२५ येतील.

पण ते ९५ रुपये आज घेऊन रोज खपणाऱ्या तेल-साबणात घातले, ते दर तीन महिन्यांनी एकदा फिरले आणि दर फेरीला १० टक्के सुटले, तर पुढच्या जूनपर्यंत तीन फेऱ्यांत त्याचे सुमारे १२६ रुपये होतात. म्हणजे ‘तोट्यात’ विकूनही तो १२५ च्या पुढेच गेला. उंदीर नाही, ओल नाही, जागेची अडवणूक नाही. शिवाय गल्ला चालता राहिला, तो फायदा वेगळाच.

घेतलेला भाव होऊन गेला. आता प्रश्न फक्त एवढाच, की आज हातात येणारा पैसा पुढे काय काम करेल.

साखरेची पोती आणि शेतकऱ्याचं बिल

हा प्रश्न मोठा झाला की कसा दिसतो, ते बघायला पश्चिम महाराष्ट्रात जावं लागेल. साखर कारखाना हा मालात पैसा अडकण्याचा सगळ्यात मोठा नमुना आहे.

ऊस गाळायचा साधारण पाच-सहा महिने, साखर विकायची बारा महिने. नियम असा, की ऊस तुटून आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. म्हणजे पैसे द्यायचे दोन आठवड्यांत आणि यायचे वर्षभरात. मधला काळ निघतो बँकेच्या कर्जावर. गोदामातली साखर तारण ठेवायची आणि तिच्या किमतीच्या ठरावीक टक्के उचल घ्यायची.

२०१७-१८ च्या हंगामात देशात विक्रमी, सुमारे ३२५ लाख टन साखर झाली. देशाची गरज साधारण २५० लाख टनांची. भाव कोसळले, अगदी उत्पादन खर्चाच्याही खाली. आता गंमत बघा. गोदामं गच्च भरलेली, पण साखरेचा भाव पडला म्हणून तारणाची किंमतही पडली. बँकेची उचल कमी झाली. कारखान्याकडे माल भरपूर आणि पैसा नाही. थकलं कोण? ऊस घालणारा शेतकरी.

शेवटी जून २०१८ मध्ये केंद्र सरकारने साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला. जुलै २०१८ पासून वर्षभरासाठी ३० लाख टनांचा आणि ऑगस्ट २०१९ पासून ४० लाख टनांचा राखीव साठा करायला लावला. साखर कारखान्यांच्याच गोदामात राहणार, पण तिला सांभाळायचा खर्च आणि व्याज सरकार देणार.

इथे एक गोष्ट नीट लक्षात येते. साठा सांभाळायचा भार कधी नाहीसा होत नाही. तो फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो.

हरसूलमध्ये हा भार कुणाच्या खांद्यावर?

हरसूलच्या पट्ट्यातलं मुख्य पीक भात. जोडीला नागली, वरई, खुरासणी. भात येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्याच वेळी सगळ्यांचा येतो, म्हणून भाव कमी. शहाणपण सांगतं, थांबा, दोन-चार महिन्यांनी विका. पण थांबायला पैसा लागतो. ज्याच्या डोक्यावर दुकानाची उधारी आहे, तो कसा थांबणार? तो सुगीतच विकतो. आणि पावसाळ्यात, घरातलं धान्य संपल्यावर, तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो.

म्हणजे दुकानदाराची अडचण जास्त साठ्याची आणि गरीब कुटुंबाची अडचण साठा ठेवता न येण्याची. एकाच नाण्याच्या दोन बाजू.

हीच कोंडी फोडायला १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं. त्याचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे. १९७६ च्या कायद्यानंतर राज्याच्या आदिवासी भागात एकाधिकार खरेदी आली. कल्पना सरळ होती. धान्य आणि वनोपज थांबवून धरायची ताकद कुटुंबाकडे नाही, तर तो भार सरकारने घ्यावा. पावसाळ्यातल्या टंचाईसाठी खावटी कर्जही त्याच विचारातून आलं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात त्याचं खावटी अनुदान झालं. कुटुंबाला ४ हजार रुपयांची मदत ठरली, निम्मी रोख आणि निम्मी किराणा मालात.

पण भार उचलला की त्याचे प्रश्नही आले. खरेदी केलेल्या धानाची भरडाई होऊन तांदूळ जाईपर्यंत पैसा धानातच राहतो. गोदामं अपुरी पडली की धान उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवावं लागतं. गोंदिया-गडचिरोलीकडून असं धान पावसात भिजल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. साठा सरकारी असला तरी ओल आणि उंदीर तेच.

आणि हरसूलच्या दुकानदाराचं काय? त्याचा पैसा ताडपत्रीत अडकला की तो पहिली कात्री कशाला लावतो? उधारीला. जुलै-ऑगस्टमध्ये, आवणी झालेली असते, मजुरी नसते, घरातलं धान्य संपत आलेलं असतं, नेमकं तेव्हा वही बंद होते. दुकानात न खपणारा माल पडलेला आणि पाड्यावरच्या घरात तेल-मीठ नाही. मालात अडकलेल्या पैशाची खरी किंमत अशी दुसरंच कुणी तरी मोजतं.

मग साठा शून्यावर आणायचा का?

जपानच्या टोयोटा कंपनीने हा प्रयोग जगाला दाखवला. ताइइची ओनो या त्यांच्या अभियंत्याने अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून धडा घेतला. मांडणीवरची वस्तू जेवढी उचलली गेली, तेवढीच पुन्हा भरायची. सुटे भाग लागतील तेव्हा, लागतील तेवढेच. साठा कमी, पैसा मोकळा. साऱ्या जगाने ही पद्धत उचलली.

पण २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला. पुरवठादारांचे कारखाने बंद पडले आणि टोयोटाचं उत्पादन अडलं. तेव्हा कंपनीने आपलीच पद्धत तपासली. ज्या भागांना पर्याय नाही आणि जे पुन्हा मिळायला वेळ लागतो, त्यांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला सुरुवात केली. त्यात चिप्सही होत्या. पुढे २०२१ मध्ये जगभर चिप्सचा तुटवडा झाला, तेव्हा सुरुवातीचे काही महिने टोयोटा इतर अनेक कंपन्यांपेक्षा बरी तगली.

म्हणजे फिरून गाडी हरसूलच्या बेगमीवरच आली. रस्ता बंद होणार असेल, तर साठा हवाच. फक्त कशाचा हवा, ते ठरवता आलं पाहिजे.

पाड्यावरच्या घरांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. नागली नीट वाळवून कणगीत ठेवली की तिला सहसा कीड लागत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते. नागलीत ‘अडकलेला’ पैसा हा अडकलेला नसतोच. तो दुष्काळाच्या वर्षाचा विमा असतो. टिकणारी, नक्की लागणारी आणि वेळेवर न मिळणारी वस्तू साठवली तर ती बेगमी. न टिकणारी, लागेलच असं नसलेली किंवा कधीही मिळणारी वस्तू साठवली तर ती अडकण.

दुकानदाराने करायचं काय?

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. एक वही पुरते.

पहिलं काम, मालाचे तीन भाग करा. रोज खपणारा, हंगामात खपणारा आणि पडून असलेला. तीन महिने हात न लागलेल्या वस्तूवर खडूने खूण करा. बहुतेक दुकानांत थोड्याच वस्तू बरीचशी विक्री देतात आणि उरलेल्या नुसती जागा अडवतात. खुणा मोजल्या की ते आपोआप दिसतं.

दुसरं, हंगामी मालाची तारीख ठरवा. गणपतीनंतर ताडपत्री आणि छत्र्यांचा भाव उतरवायचा, हे जूनमध्येच ठरवून टाकायचं. त्या वेळी मन कच्चं होत नाही.

तिसरं, बियाण्यासारख्या मुदतीच्या मालावर खरेदी करतानाच विचारायचं. उरलेला माल परत घेणार का? किती तारखेपर्यंत? कुणाच्या खर्चाने? उत्तर बिलावर लिहून घ्यायचं.

चौथं, बाहेरून मिळणाऱ्या वस्तूंचे दोन गट करा. पाऊस लागला तरी मिळणाऱ्या आणि पाऊस लागला की न मिळणाऱ्या. बेगमी फक्त दुसऱ्या गटाची. पहिल्या गटाची खरेदी थोडी थोडी, पण वरचेवर.

पाचवं, जुना माल पुढे आणि नवा मागे. ऐकायला बाळबोध वाटतं, पण मुदत संपलेल्या बिस्किटांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

बँकेचं कॅश क्रेडिट घेतलं असेल, तर अजून एक. बँक साठ्याच्या पूर्ण किमतीवर पैसे देत नाही. साधारण पाव हिस्सा दुकानदाराचा स्वतःचा असावा लागतो आणि जुना, न खपणारा माल सहसा धरलाच जात नाही. पडून असलेला माल दाखवून कर्ज वाढेल, या भरवशावर राहू नये.

आणि शेतकऱ्याने?

थांबायची ताकद नसेल, तर ती उसनी घेता येते. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून सुरू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, बहुतेक पिकांना त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी आणि ६ टक्के व्याजाने. भातही त्यात येतो. आपल्या बाजार समितीत ही सोय चालू आहे का, हे सुगीआधीच विचारून ठेवणं बरं.

पण इथेही दुकानदाराचाच नियम लागू. थांबणं फुकट नसतं आणि भाव वाढेलच याची हमी नसते. कांदा उत्पादकांनी हे भोगलं आहे. चाळीत कांदा राखून ठेवला, वजनात घट सोसली आणि १९ ऑगस्ट २०२३ ला सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. मग ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. भावाची सगळी गणितं एका दिवसात बदलली. म्हणून सगळा माल एकदम विकू नये आणि सगळा धरूनही ठेवू नये. देणी फिटतील एवढा आधी विकावा, उरलेल्यावर थांबावं.

पुढच्या वेळी हरसूलच्या किंवा आपल्याच गावातल्या दुकानात छतापर्यंत लागलेला माल दिसला, तर ‘काय चाललंय दुकान!’ असं लगेच म्हणू नका. मालावर बसलेली धूळ बघा. धूळ नसेल, तर दुकान खरंच चाललंय. धूळ जाड असेल, तर त्याखाली कुणाची तरी फी, कुणाचं तरी बिल आणि पाड्यावरच्या कुणाची तरी श्रावणातली उधारी अडकलेली आहे.